वीस बफर आणि त्यांचा वारस: लिनक्समधील एका कॅन-यूएसबी ड्रायव्हरचा प्रकरण अभ्यास

लिनक्स कर्नलमध्ये ‘एमसीबीए_यूएसबी’ नावाचा एक ड्रायव्हर आहे. मायक्रोचिपच्या ‘कॅन बस ॲनलायझर’ या यूएसबी उपकरणासाठी तो लिहिलेला असून २०१७ मध्ये ४.१२ या आवृत्तीबरोबर तो मुख्य कर्नलमध्ये आला. सगळा ड्रायव्हर एका फाइलमध्ये मावतो आणि ती फाइल एका बैठकीत वाचून होते. तरीही २०१९ ते २०२२ या काळात याच फाइलमध्ये मेमरीच्या देवाणघेवाणीशी संबंधित चार दुरुस्त्या कराव्या लागल्या. एकदा मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचली जात होती, एकदा घेतलेली मेमरी परतच होत नव्हती, एकदा ती परत करण्याच्या दुरुस्तीमुळे उपकरणच बंद पडले, आणि एकदा एकच वस्तू दोनदा मोकळी केली जात होती. ड्रायव्हरमधील मेमरीच्या चुकांचे जे प्रकार पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, ते जवळजवळ सगळे येथे एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून अभ्यासासाठी हे प्रकरण निवडले आहे.

या चारही चुका वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असे माझे मत आहे. एखादी वस्तू या क्षणी कोणाच्या मालकीची आहे, आणि ती मालकी कोणत्या ओळीवर हस्तांतरित झाली, हे कोड लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते. कोडमध्ये कोठे नोंदवले नव्हते.

पार्श्वभूमी थोडक्यात

कॅन हे वाहनातील निरनिराळ्या नियंत्रकांना दोन तारांवरून एकमेकांशी संदेश बोलू देणारे जाळे आहे. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जाहीर केले, आणि पिंपरी-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. लिनक्समध्ये २००८ पासून सॉकेटकॅन ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे कॅनचे उपकरण इथरनेट कार्डाप्रमाणे नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसते, ते ‘वर’ घेता येते, ‘खाली’ घेता येते आणि त्यावर सॉकेट उघडून संदेश वाचता येतात. लॅपटॉपला कॅनचे वेगळे पोर्ट नसल्यामुळे मधे यूएसबीचे एक छोटे उपकरण लागते. म्हणून कॅन-यूएसबी ड्रायव्हरला दोन घरे सांभाळावी लागतात: एका बाजूला नेटवर्कचे थर, दुसऱ्या बाजूला यूएसबीचा गाभा, म्हणजे सर्व यूएसबी ड्रायव्हरांसाठी कर्नलमध्ये असलेला सामाईक भाग. दोन्ही घरांचे मेमरीविषयीचे नियम वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत होण्याची जागा म्हणजे हा ड्रायव्हर.

वीस बफर कसे उभे राहतात

यूएसबीवरून काही वाचायचे किंवा लिहायचे असेल तर ड्रायव्हर एक ‘यूआरबी’ तयार करतो. यूआरबी म्हणजे यूएसबीला दिलेला मागणीपत्राचा ठोकळा. त्यात उपकरणाच्या कोणत्या एंडपॉइंटशी, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या कोणत्या टोकाशी बोलायचे, माहिती कोठे ठेवायची, ती किती मोठी आहे आणि काम झाल्यावर कोणते फंक्शन बोलवायचे, हे लिहिलेले असते. हे मागणीपत्र सादर केले की ते यूएसबीच्या गाभ्याकडे जाते, आणि काम पूर्ण झाल्यावर ते ठरवलेले फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, चालते.

संदेश कधी येईल हे सांगता येत नसल्यामुळे ग्रहणाच्या बाजूस ड्रायव्हर आधीच २० यूआरबी सादर करून ठेवतो. प्रत्येकाला ६४ बाइटचा एक बफर, म्हणजे आलेली माहिती ठेवण्याची मेमरीतील जागा, जोडलेला असतो. एखादा यूआरबी भरून परत आला की कॉलबॅक त्यातील संदेश काढून घेतो आणि तोच यूआरबी, त्याच बफरसह, पुन्हा सादर करतो. रहाटाच्या माळेतले पोहरे जसे भरून वर येतात, रिकामे होतात आणि पुन्हा खाली जातात, तसे हे २० बफर उपकरण जोडलेले असेपर्यंत फिरत राहतात.

हे बफर ‘केमॅलॉक’ या कर्नलमधील मेमरी घेण्याच्या साध्या फंक्शनने घेतलेले नव्हते. ते ‘यूएसबी_अलॉक_कोहिअरंट’ या फंक्शनने घेतले होते. कोहिअरंट मेमरी म्हणजे अशी मेमरी, जिच्यातील मजकूर प्रोसेसर आणि उपकरण या दोघांनाही मधल्या कॅशेची वेगळी उठाठेव न करता सारखाच दिसतो. हे फंक्शन दोन पत्ते देते: एक प्रोसेसरला वापरता येईल असा पॉइंटर, आणि दुसरा उपकरणाला थेट मेमरीत लिहिता यावे म्हणून लागणारा डीएमए पत्ता. मेमरी परत करताना हे दोन्ही पत्ते आणि बफरचा आकार ‘यूएसबी_फ्री_कोहिअरंट’ला द्यावे लागतात. यातला एकही हरवला तर मेमरी परत करता येत नाही.

आता सुरुवातीच्या फंक्शनमधील क्रम जवळून पाहू. फेरी २० वेळा चालते. प्रत्येक फेरीत यूआरबी घेतला जातो, तेव्हा त्याची संदर्भमोजणी, म्हणजे तो किती जणांनी धरून ठेवला आहे याचा आकडा, एक असते. मग कोहिअरंट बफर घेतला जातो, आणि त्याचा डीएमए पत्ता थेट यूआरबीच्या ‘ट्रान्सफर_डीएमए’ या खान्यात लिहिला जातो. यूआरबी भरला जातो, आणि त्यावर ‘डीएमएसाठी नव्याने मॅपिंग करू नका, पत्ता तयार आहे’ असे सांगणारा झेंडा लावला जातो. यूआरबी एका अँकरला, म्हणजे ड्रायव्हरच्या यादीला, जोडला जातो. त्याने मोजणी एकने वाढते. तो सादर केला जातो. गाभा आपला आणखी एक संदर्भ धरतो. शेवटी ड्रायव्हर ‘यूएसबी_फ्री_यूआरबी’ बोलावून स्वतःचा संदर्भ सोडतो. या शेवटच्या ओळीवर मूळ कोडमध्ये एक टीप आहे. तिचा आशय असा, की संदर्भ सोडून द्या, मोकळे करण्याचे काम यूएसबीचा गाभा पाहून घेईल.

ही टीप खरी आहे, पण फक्त यूआरबीबद्दल. त्याला जोडलेल्या बफरबद्दल ती काहीच सांगत नाही. वाचणाऱ्याच्या मनात मात्र यूआरबी आणि बफर ही एकच वस्तू असते, आणि गळती सुरू होते ती येथूनच.

गळती

यूआरबीची मोजणी शून्यावर आली की गाभा तो नष्ट करतो. नष्ट करताना तो एकच गोष्ट तपासतो: यूआरबीवर ‘बफरही मोकळा करा’ असा झेंडा आहे का. असेल तर गाभा त्या बफरवर ‘केफ्री’, म्हणजे केमॅलॉकची मेमरी परत करणारे फंक्शन, चालवतो. हा झेंडा केमॅलॉकने घेतलेल्या बफरसाठीच आहे, कारण कोहिअरंट बफरवर केफ्री चालवणे हीच एक गंभीर चूक ठरेल. आपल्या ड्रायव्हरने तो झेंडा लावला नव्हता, आणि ते योग्यच होते. पण मग बफर मोकळा करणार कोण? कॉलबॅक तो मोकळा करत नव्हता, कारण त्याचे काम फक्त पुन्हा सादर करणे. उपकरण काढले जाताना चालणारे फंक्शन अँकरवरील यूआरबी थांबवत होते, पण बफरला हात लावत नव्हते. आणि यूआरबी नष्ट झाला की त्याच्या पोटातले दोन्ही पत्तेही नष्ट होत होते. सातबाऱ्यावर एकट्या यूआरबीचे नाव होते, तो गेला आणि वारसाची नोंद कोठेच नव्हती.

प्रेषणाच्या बाजूस हीच चूक नव्हती, आणि ही तुलना बोलकी आहे. संदेश पाठवताना प्रत्येक वेळी नवा यूआरबी आणि नवा कोहिअरंट बफर घेतला जातो, आणि पाठवणे पूर्ण झाल्यावरचा कॉलबॅक तो बफर परत करतो. तेथे वस्तूचे आयुष्य एका फेरीचे असल्यामुळे तिचा शेवट कोडमध्ये आपोआप दिसतो, आणि शेवट दिसला की आवराआवरीची ओळही लिहिली जाते. ग्रहणाच्या बफरना असा नैसर्गिक शेवट नाही. ते फिरतच राहतात, म्हणून त्यांना कोणी निरोप द्यायचा हे लिहिण्याची जागा लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर कधी येतच नाही.

एका जोडणीमागे २० गुणिले ६४, म्हणजे १,२८० बाइट गळत होते. आजच्या यंत्रात एवढ्या मेमरीची कोणी फिकीर करणार नाही, हे मान्य. पण चाचणीच्या टेबलावर उपकरण दिवसातून कितीतरी वेळा काढले-घातले जाते, आणि कर्नलची मेमरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. शिवाय कोहिअरंट मेमरी ही मुळात जपून वापरायची वस्तू आहे. पण माझ्या लेखी आकडा येथे गौण आहे. गळती म्हणजे मालकीचा हिशेब चुकला आहे याची खूण असते, आणि त्याच चुकलेल्या हिशेबातून पुढे काय निघेल याची खात्री नसते.

ही गळती माणसाने वाचून पकडली नाही. ती गूगलच्या ‘सिझबॉट’ या स्वयंचलित चाचणी व्यवस्थेने पकडली. सिझबॉट कर्नलला नकली यूएसबी उपकरणे जोडतो आणि काढतो, आणि कर्नलमधला ‘केमेमलीक’ हा शोधक मेमरीत फिरून पाहतो की घेतलेल्या एखाद्या तुकड्याचा पत्ता कोणाकडे तरी आहे का. ज्याचा पत्ता कोठेच सापडत नाही तो तुकडा अनाथ ठरतो आणि त्याची नोंद बाहेर पडते. यूआरबी जिवंत असेपर्यंत बफरचा पत्ता त्याच्याकडे असतो. म्हणून उपकरण चालू असताना सगळे आलबेल दिसते, आणि ते काढल्यानंतरच अनाथांची यादी येते.

जून २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ड्रायव्हरच्या खासगी रचनेत दोन नवे ॲरे आले: एकात २० पॉइंटर, दुसऱ्यात २० डीएमए पत्ते. सुरुवातीच्या फेरीत प्रत्येक बफरचे दोन्ही पत्ते तेथे लिहून ठेवायचे, आणि बंद करण्याच्या वाटेवर आधी यूआरबी थांबवून मग फेरी चालवून सगळे बफर परत करायचे. नोंदवही आली, विचार बरोबर होता.

येथे एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीची फेरी मध्येच अडली, म्हणजे समजा तेराव्या बफरला मेमरी मिळाली नाही, तर ड्रायव्हर हार मानत नाही. आधीच्या १२ यूआरबीवर तो काम चालवून घेतो आणि ग्रहण मंद होऊ शकते असा इशारा देतो. त्यामुळे बंद करताना २० पैकी आठ खाने रिकामे असू शकतात. तरीही फेरी २० पर्यंत बिनधास्त चालवता येते, कारण नेटवर्क उपकरणाची खासगी मेमरी शून्याने भरून मिळते आणि ‘यूएसबी_फ्री_कोहिअरंट’ला रिकामा पॉइंटर दिला तर ते काही न करता परत फिरते. अर्थात ही सोय पहिल्या फेरीपुरतीच आहे. जे ड्रायव्हर इंटरफेस वर घेताना बफर घेतात आणि खाली घेताना सोडतात, त्यांनी सोडल्यानंतर खाना पुसणे हे मी तरी बंधनकारक मानीन, नाहीतर दुसऱ्या खेपेस अर्धवट भरलेल्या ॲरेत जुने पत्ते शिल्लक राहतात.

जुलै २०२१ मध्ये ईएमएस, ईएसडी आणि ‘यूएसबी_८देव’ या कॅन-यूएसबी ड्रायव्हरांतही हीच गळती सापडली आणि याच पद्धतीने बुजवली गेली. ड्रायव्हर क्वचितच कोऱ्या पानावर लिहिला जातो. शेजारचा चालता ड्रायव्हर समोर ठेवून नवा लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त चालत्या कोडबरोबर त्यातल्या न दिसणाऱ्या चुकाही उतरतात.

दुरुस्तीतून निघालेला बिघाड

गळती बुजल्यानंतर काही आठवड्यांतच एका वापरकर्त्याने कळवले की नव्या कर्नलवर त्याचा ॲनलायझर चालेनासा झाला आहे. त्याने दिलेल्या नोंदीत आयओएमएमयूची, म्हणजे उपकरणांना कोणत्या मेमरीला हात लावता येईल यावर पहारा ठेवणाऱ्या हार्डवेअरची, तक्रार होती: यूएसबी नियंत्रकाने शून्य या पत्त्यावर लिहिण्याचा प्रयत्न केला आणि त्या पत्त्यावर लिहिण्याची परवानगी नाही.

कारण एका न लिहिलेल्या ओळीत होते. जुन्या कोडमध्ये बफर घेताना डीएमए पत्ता ठेवण्याची जागा म्हणून यूआरबीचा ‘ट्रान्सफर_डीएमए’ हा खाना थेट दिला जात होता. नव्या कोडमध्ये तो पत्ता आधी एका स्थानिक चलात घेतला गेला आणि तेथून ॲरेत नोंदवला गेला. यूआरबीच्या खान्यात तो लिहिणे राहून गेले. पण ‘पत्ता तयार आहे, नव्याने मॅपिंग करू नका’ हा झेंडा मात्र यूआरबीवर तसाच होता. गाभ्याने झेंड्यावर विश्वास ठेवला, खान्यातला शून्य जसाच्या तसा नियंत्रकाकडे पाठवला, आणि नियंत्रकाने त्यावर लिहायला घेतले. एकाच माहितीच्या दोन प्रती केल्या की त्यांतली एक भरायची राहून जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आयओएमएमयूने हा प्रयत्न अडवला, हे सुदैव. ती नसलेल्या किंवा बंद ठेवलेल्या यंत्रात उपकरणाने दिलेला शून्य हा खऱ्या मेमरीचा पत्ता ठरू शकतो, आणि तेथे काय लिहिले गेले याचा पत्ता लागायला फार वेळ जातो.

मग अशी ढळढळीत चूक चाचणीत का दिसू नये? सिझबॉटसारखी व्यवस्था ज्या आभासी यूएसबी नियंत्रकावर चालते, तो डीएमए वापरतच नाही. असा नियंत्रक असेल तर ‘यूएसबी_अलॉक_कोहिअरंट’ आतल्या आत साधा केमॅलॉक करते, डीएमए पत्त्याच्या जागी सगळे बिट एक असलेला निरर्थक आकडा ठेवते, आणि माहितीची ने-आण प्रोसेसरच्या पॉइंटरवरून होते. तेथे ‘ट्रान्सफर_डीएमए’ हा खाना कोणी वाचतच नाही. त्यात शून्य असो की आणखी काही, फरक पडत नाही. ज्या मांडणीत गळती अचूक सापडली, त्याच मांडणीत दुरुस्तीतली चूक दिसणे अशक्य होते. आवराआवरीची दुरुस्ती तपासताना उपकरण काढल्यावर मेमरी परत आली का एवढेच पाहून चालत नाही. खऱ्या उपकरणावर एक संदेश येतो का, हेही पाहावे लागते.

जुलै २०२१ मध्ये ती एक ओळ जोडली गेली आणि उपकरण पुन्हा चालू झाले. मूळ दुरुस्ती करणाऱ्यानेच ही ओळ लिहिली आणि पत्ता खान्यात भरायला आपण विसरलो, हे बदलाच्या टिपणात स्वच्छ शब्दांत मान्य केले. पुढे तीच फाइल उघडणाऱ्याला अशा टिपणाचा मोठा आधार होतो.

त्याआधीची एक चूक: क्रम

आता दोन वर्षे मागे, २०१९ कडे जाऊ. त्या वेळी उपकरण काढल्यावर चालणाऱ्या फंक्शनचा क्रम असा होता: नेटवर्क उपकरणाची नोंदणी रद्द करा, नेटवर्क उपकरण मोकळे करा, आणि मग यूआरबी थांबवा. तिन्ही कामे आवश्यक आहेत आणि तिन्ही केलेली आहेत. पण ड्रायव्हरची खासगी रचना वेगळी घेतलेली नसते. नेटवर्क उपकरणासाठी जो तुकडा घेतला जातो, त्याच्याच शेपटाला ती असते. उपकरण मोकळे केले की खासगी रचनाही गेली. पुढची ओळ त्याच रचनेतल्या अँकरच्या याद्या वाचून यूआरबी थांबवायला निघत होती. म्हणजे घर पाडून झाल्यावर कपाटाची किल्ली शोधण्यासारखे.

दुरुस्ती एका ओळीची जागा बदलण्याची होती: आधी यूआरबी थांबवा, मगच मोकळे करा. दुष्ट हेतूने बनवलेले यूएसबी उपकरण या चुकीचा फायदा घेऊ शकते म्हणून तिला सीव्हीई या सुरक्षाविषयक उणिवांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-१९५२९ हा क्रमांक मिळाला, आणि ५.३.११ या आवृत्तीत ती बुजली. उभारणीच्या नेमका उलटा क्रम आवराआवरीत ठेवावा हा नियम सर्वांना पाठ असतो. येथे तो मोडला, कारण खासगी रचना आणि नेटवर्क उपकरण या एकाच तुकड्यातल्या दोन वस्तू आहेत हे त्या ओळीकडे पाहून कळत नाही.

दोनदा मोकळे केलेले पॅकेट

चौथी चूक यूएसबीच्या बाजूची नव्हती, नेटवर्कच्या बाजूची होती. कॅनमध्ये पाठवलेला संदेश पाठवणाऱ्या यंत्रातील इतर ऐकणाऱ्यांनाही दिसावा अशी अपेक्षा असते. म्हणून ड्रायव्हर संदेश पाठवण्याआधी तो ‘प्रतिध्वनी’च्या यादीत ठेवतो आणि पाठवणे यशस्वी झाल्यावर तेथून वर पाठवतो. हे करणारे फंक्शन मिळालेल्या पॅकेटचा ताबा घेते. गरज पडल्यास ते पॅकेटची प्रत काढते आणि मूळ पॅकेट स्वतः सोडून देते. त्या ओळीनंतर ड्रायव्हरच्या हातातला पॉइंटर नावापुरता उरतो.

यूआरबी सादर करणे फसले तर त्रुटीच्या वाटेवर ड्रायव्हर प्रतिध्वनीची यादी रिकामी करत होता, आणि वर मूळ पॅकेटही मोकळे करत होता. यादी रिकामी करताना प्रत गेली होती. मूळ पॅकेट यादीत ठेवतानाच गेले होते. तिसरी ओळ जे मोकळे करत होती ते आधीच मोकळे झालेले होते. मार्च २०२२ मध्ये ती ओळ काढली गेली. सीव्हीई-२०२२-२८३८९ हा क्रमांक याच चुकीचा. शेजारचे २८३८८ आणि २८३९० हे क्रमांक ‘यूएसबी_८देव’ आणि ईएमएस ड्रायव्हरमधल्या तशाच चुकांचे आहेत. उसना कोड येथेही आपली ओळख ठेवून गेला.

या चुकीमागची मानसिकता मला गळतीच्या नेमकी उलट वाटते. गळतीत प्रत्येकाने गृहीत धरले की दुसरा कोणीतरी मोकळे करील. येथे लिहिणाऱ्याने सावधगिरी म्हणून स्वतःच मोकळे करून टाकले. आपण घेतले ते आपण सोडावे हा संस्कार चांगला आहे, पण ज्या फंक्शनला वस्तू दिली ते तिचा ताबा घेते की नुसती उसनी घेते, हे त्याच्या नावावरून कळत नाही. ते आत जाऊन वाचावे लागते. त्यातून त्रुटीची वाट रोजच्या वापरात चालतच नाही. यूआरबी सादर करणे फसण्याचा प्रसंग टेबलावर मुद्दाम घडवून आणल्याशिवाय ती ओळ वर्षानुवर्षे न चालता राहू शकते.

बफरची जातच बदलली तर

या कुटुंबातला आणखी एक ड्रायव्हर, ‘जीएस_यूएसबी’, २०२२ मध्ये त्याच गळतीसाठी दुरुस्त झाला. तेथेही आधी पॉइंटर आणि डीएमए पत्त्यांचे ॲरे आले. पण त्याच वर्षी पुढे कोणीतरी मूळ प्रश्न विचारला: या बफरना कोहिअरंट मेमरी लागतेच का? ड्रायव्हर दोन्ही प्रकारे चालवून पाहिला तेव्हा विलंबात किंवा प्रोसेसरच्या वापरात लक्षात येण्यासारखा फरक दिसला नाही. मग कोहिअरंट बफर काढून साधे केमॅलॉकचे बफर घेतले गेले आणि यूआरबीवर ‘बफरही मोकळा करा’ हा झेंडा लावला गेला.

या एका बदलाने हिशेबातील बरीच कलमे गळून पडली. डीएमएचे मॅपिंग आता प्रत्येक सादरीकरणाच्या वेळी यूएसबीचा गाभा करतो आणि काम झाल्यावर सोडवतो. ड्रायव्हरला डीएमए पत्ता जपावा लागत नाही, म्हणून तो खान्यात भरायचे विसरण्याचा प्रश्नही उरत नाही. बफरचा मालक यूआरबी ठरतो आणि त्याच्याबरोबर बफर जातो. ॲरे नकोत, बंद करताना फेरी नको. प्रत्येक वेळी मॅपिंग करण्याचा थोडा खर्च वाढतो, पण काही डझन बाइटच्या संदेशांसाठी तो नगण्य आहे. व्हिडिओ कॅमेऱ्यासारखा मोठा अखंड प्रवाह असेल तर गणित वेगळे होईल, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. मला ही दुरुस्ती आधीच्या नोंदवहीपेक्षा उजवी वाटते.

यादीतून सुटलेले यूआरबी

पण आता बफरचे मरण यूआरबीच्या मरणाशी बांधले गेले, आणि यूआरबीचे मरण अँकरच्या यादीशी. इंटरफेस खाली घेताना ड्रायव्हर अँकरवरील सर्व यूआरबी थांबवतो. पण यादीत नसलेले यूआरबी त्याला दिसत नाहीत.

यूएसबीच्या गाभ्याचा एक नियम येथे आडवा येतो. एखादा यूआरबी पूर्ण झाला की कॉलबॅक बोलवण्याच्या आधी गाभा त्याला अँकरवरून सोडवतो. कॉलबॅकने तो नुसता पुन्हा सादर केला, पुन्हा अँकरला बांधला नाही, तर तो यूआरबी चालू आहे पण यादीत नाही अशी स्थिती होते. पहिला संदेश येण्यापूर्वी इंटरफेस खाली घेतला तर सगळे यूआरबी यादीत सापडतात. थोडी वाहतूक झाल्यावर घेतला तर फार थोडे सापडतात. उपकरण उपटले गेले तर गाभा ड्रायव्हरला कळवण्याआधी त्या इंटरफेसचे सर्व यूआरबी स्वतः थांबवतो, त्यामुळे एरवी निभावून जाते. उपकरण जागेवर असताना नुसता इंटरफेस खाली घेतला, तर मागे राहिलेले यूआरबी आणि त्यांचे बफर कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत. बफर नोंदवहीतून परत करणाऱ्या जुन्या पद्धतीत तर धोका आणखी मोठा: यादीत न सापडलेला यूआरबी चालूच असतो, आणि त्याच्या पायाखालचा बफर आपण मोकळा केलेला असतो.

ही चूक ‘जीएस_यूएसबी’मध्ये आणि त्याच्या भावंडांत पुढे स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागली. कॉलबॅकमध्ये यूआरबी सादर करण्याच्या आधी तो पुन्हा अँकरला बांधायचा. सादरीकरण फसले तर तो लगेच अँकरवरून सोडवायचा, म्हणजे अँकरचा संदर्भ सुटतो, कॉलबॅक संपल्यावर गाभ्याचाही सुटतो, मोजणी शून्यावर येते, आणि झेंड्याप्रमाणे बफरही त्याच वेळी परत जातो.